एक फेरी जादाची

पक्या, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक हसले. हे मीच आधी सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील, दत्तानं माझ्या मरणाचीसुद्धा जत्रा केली. जत्रा मी केली नाही. मी फक्त माईक हातात घेतला होता. पुढचं सगळं तुझ्या आईनं केलं.

तू गेलास त्याला अजून महिनाही झालेला नाही आणि खोडदमध्ये तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही, हे ऐकून तुला बरंच वाटेल. फक्त सकाळी टपरीवर चहा घेताना आज वारा कुठला आहे, हे आता कुणी सांगत नाही. तू निवृत्त होऊन गावी आलास तेव्हा आम्हाला वाटलं होतं, कॅप्टनसाहेब गॉगल लावून गावभर मिरवणार. तू आलास तो झेंडू लावायला. तुझ्या सऱ्या इतक्या वाकड्या, की पाणी सोडलं तर ते वाट विचारत विचारत जायचं. मी हसलो की म्हणायचास, वरून सगळी शेतं सरळच दिसतात रे.

झोपेतच गेलास. वहिनी म्हणतात, चेहरा शांत होता. असेल. मला मात्र तुझा राग आला. जन्मभर लोकांना आधी सांगून, पट्टे बांधायला लावून मग खाली आणणारा माणूस तू, आणि स्वतः जाताना एका शब्दानं बोलला नाहीस. दोन दिवस मी तुझ्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. मग तुझ्या झेंडूला पाणी द्यायला गेलो, ते वाकडंतिकडं पळणारं पाणी बघितलं आणि हसू आलं, आणि मग रडूही आलं. तेव्हापासून आपलं बोलणं पुन्हा सुरू झालंय.

कार्यक्रमाला पुण्याहून तुझे बरेच लोक आले होते. त्यांना मी कोण हे समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. म्हटलं, मी बैलगाड्यांच्या शर्यतीचा निवेदक. आमच्याकडं घाट म्हणजे बैल पळवायचा चढ, बारी म्हणजे गाड्याची एक धाव, आणि गाडा सुटला की माईकवरून जी भिर्र घुमते ती माझी. तुझ्याबरोबर विमानं चालवलेला एक उंच माणूस अगदी आदरानं म्हणाला, म्हणजे त्या व्हिडिओतला आवाज तुमचा? बघ, किती लांब पोचलोय मी.

तो व्हिडिओ. तुझं माझं पहिलं खरं भांडण त्याच्यावरूनच. दक्षिणेत कुठल्याशा डोंगरावरच्या विमानतळावर तू आडव्या वाऱ्यात विमान उतरवलंस आणि काचेआडून कुणीतरी ते फोनवर टिपलं. विमानाचं तोंड एकीकडं, चाल दुसरीकडं, खेकड्यासारखं तिरकं तिरकं खाली येतंय. एक पंख कलता. धावपट्टी हाताच्या अंतरावर आल्यावर नाक सरळ होतं, एक चाक टेकतं, मग दुसरं. आत तू होतास हे तूच फोनवर बोलता बोलता सांगून बसलास. मग मी काय गप्प बसतो? त्या चित्राला मी माझा आवाज जोडला. वारा आडवा, पण गडी त्याच्याहून आडवा, झाली झाली झाली, भिर्रर्र! संध्याकाळपर्यंत तो जुन्नरपासून घोडेगावपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर होता.

पुढे दर जत्रेत गाड्यांच्या मधल्या वेळेत मी ते उतरणं सांगायचो. ऐकणारे तेच, मग वारा थोडा वाढवावा लागायचा. एका वर्षी मी एक इंजिन बंद पाडलं. पुढच्या वर्षी दोन्ही. तू खाली लोकांत बसला होतास. माझ्याकडं येऊन हळूच म्हणालास, दत्ता, एखादं तरी चालू ठेव रे, माझी नोकरी अजून शिल्लक आहे.

पण त्या पहिल्या संध्याकाळी फोन करून तू जे बोललास, ते मात्र गमतीचं नव्हतं. आधी पोटभर हसलास आणि मग म्हणालास, एक गोष्ट तू उलटी सांगितलीस.

"मी उतरायचं ठरवून खाली येतच नाय, दत्ता. परत वर जायचं ठरवूनच खाली येतो. सगळं जागच्या जागी दिसलं, तरच उतरतो."

ते माझ्या डोक्यावरून गेलं. मग तू नेट लावून समजावलंस. धावपट्टीच्या अमुक उंचीवर येईपर्यंत वेग, उतार, दिशा सगळं नेमकं बसलेलं पाहिजे. एकही गोष्ट बसली नाही, तर तिथं विचार करत बसायचं नाही, सरळ वर जायचं. वारा किती आडवा चालेल हे आकाशात ठरवायचं नसतं, ते जमिनीवर असतानाच ठरलेलं असतं. त्या दिवशी वारा तुझ्या हद्दीच्या आत होता, म्हणून उतरलास. हद्दीबाहेर गेला असता तर दुसऱ्या शहरात विमान नेऊन इडली खात बसला असतास. आणि तेव्हा कुणी व्हिडिओ काढला नसता, असंही म्हणालास. मी म्हटलं, इडलीवर भिर्र कशी म्हणायची ते सांग, उद्यापासून म्हणतो.

गावी आल्यावर तू हाच धडा मला आपल्या गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिशींवरून द्यायला लागलास. वारा फार वाढला की त्या आभाळाकडं तोंड करून काम थांबवून उभ्या राहतात, हे मी लहानपणापासून बघतोय. तू बोट दाखवून म्हणायचास, त्यांना कुणी भित्र्या म्हणतं का? मी म्हणायचो, त्यांना जत्रेलाही कुणी बोलवत नाही. हा वाद आपण इतक्या वेळा घातला की टपरीवाला आपली वाक्यं आपल्या आधी म्हणायचा.

आता नागपूरची गोष्ट. ती मला तुला सांगायची गरज नाही, पण रविवारचं कळायला ती पुन्हा सगळी काढावी लागेल.

मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, दीक्षाभूमीला विमानानं न्यायचं तुझ्या फार दिवसांपासून मनात होतं. तिच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ती परकरातली पोर होती. तू ड्युटी मागून घेतलीस, आपल्या आळीतली, तुझ्या भावकीतली जाणती माणसं गोळा केलीस, आणि माझ्यासारखा एक आगाऊ शेजारीही बरोबर घेतलास. पुण्याच्या विमानतळावर मावशीचा अडकित्ता काढून घेतला, तेव्हा तिनं तिथल्या पोरीला विचारलं की सुपारी काय दातानं फोडू का. जाताना सगळं झकास झालं. नागपुरात मावशी स्तूपासमोर हात जोडून उभी राहिली, आणि किती वेळ उभी राहिली ते आम्ही कुणी बघितलं नाही, कारण आमचेही डोळे मिटलेले होते.

गंमत झाली ती येताना. पुण्यात परतीचा पाऊस लागलेला होता. विमान खाली यायला लागलं, दिवे दिसले, आणि मला राहवलं नाही. मी बसल्या जागी हळूच भिर्र केलं. हवाईसुंदरीनं माझ्याकडं असं बघितलं की आईनंसुद्धा कधी बघितलं नव्हतं. खाली पट्टी पळत होती, आता टेकणार, टेकणार, आणि एकदम इंजिनं गरजली, पाठ सीटला चिकटली आणि विमान चाललं वर. पुढच्या रांगेतला कोटवाला गृहस्थ मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागला. आमची माणसं मात्र निवांत होती, कारण विमान कसं उतरतं हे त्यांना कुठं माहीत होतं. मग तुझा आवाज आला. काळजीचं कारण नाही, आपण एक फेरी मारून पुन्हा उतरतो आहोत.

मावशी पुढं वाकली आणि त्या कोटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नका पावणं, माझा ल्योक हाय. आमच्यासाठी एक फेरी जादा मारतोय."

झालं. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. फेरी मारून आल्यावर तू विमान असं टेकवलंस की मावशीचा पानाचा डबा सीटखालून घरंगळत पार पुढं गेला. खाली उतरल्यावर तू दारात उभा होतास, टोपी काखेत. चेहरा थोडा उतरलेला होता, पण तो दिवसभराच्या थकव्यानं, असं मला वाटलं. मावशीनं तुझ्या गालावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, फेरी झ्याक मारली, पर उतरवताना आदळलं बघ, तेवढं शिकून घे.

त्यानंतर ही गोष्ट मावशीची झाली. लग्नात, बारशात, बुद्ध पौर्णिमेला, दवाखान्याच्या रांगेत. सरकारनं सुद्धा कुणाला दिली नसेल अशी एक जादा फेरी तिच्या मुलानं तिला दिली होती. शेवटी प्रत्येक वेळी तेच, पर आदळलं बाई. तू समोर असलास की मान खाली घालून हसायचास. मला वाटायचं, लाजतोय.

खरं मला कळलं ते लोणीच्या घाटात. आठवतं? एका गाडामालकानं जुंपलेले बैल ऐन वेळी सोडवून घेतले. एक बैल बिथरला होता, खांदा नीट लागत नव्हता. मालकानं बारी सोडून दिली आणि बैल घेऊन मुकाट चालता झाला. मी माईकवर म्हटलं, बारी बाद, पुढचा गाडा. जेवायच्या सुट्टीत तू माझ्याशेजारी बसून भाकरी मोडता मोडता म्हणालास, आजची सगळ्यात चांगली बारी तू दोन शब्दांत उरकलीस. मी म्हटलं, पळालाच नाही तर सांगू काय? तेव्हा तू भाकरी खाली ठेवलीस आणि नागपूरच्या विमानाचं सांगितलंस.

ओल्या धावपट्टीवर विमान मऊ उतरवायचं नसतं, म्हणालास. ठणकून, जागेवर टेकवायचं. म्हणजे चाकं पाणी फोडून जमीन धरतात. हे काल आलेल्या पोरालाही माहीत असतं, तुला तर होतंच. पण मागं आई बसली होती. जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातानं खाली येत होती. तिच्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून तू विमान जमिनीच्या वर अलगद धरून ठेवलंस, आता टेकेल, आता टेकेल, आणि खालून पट्टी संपत चालली होती. शेजारी नवा सहवैमानिक होता, मिशीसुद्धा धड न फुटलेला. तो म्हणाला, गो अराउंड. म्हणजे वर चला, पुन्हा फेरी.

"मला वाटत व्हतं की बसंल," तू म्हणालास. "अजून बी वाटतं. कदाचित बसलं बी असतं. पण त्यानं म्हटल्यावर माझं वाटणं संपलं. दोघांतल्या एकानं जरी म्हटलं, तरी वर जायचं. मी वर गेलो. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. तुझ्या त्या व्हिडिओपेक्षा लई चांगलं."

दुसऱ्या फेरीला तू आईचा विचार बाजूला ठेवून विमान दणकून जागेवर टेकवलंस. पानाचा डबा घरंगळला तो त्यामुळं. उतरल्यावर त्या पोराचे आभार मानलेस, आणि आईनं आदळण्यावरून टोमणा मारला तो ऐकून घेतलास.

मग तू मला गळ घातलीस की व्हिडिओतलं सोड, ही गोष्ट माईकवर सांग. आणि लगेच वर अट घातलीस, पण आईला कळू देऊ नकोस, तिची फेरी तिच्यापाशी राहू दे. आता मला सांग, मावशी प्रत्येक जत्रेत पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसते. माईकवर सांगायचं आणि पहिल्या रांगेला ऐकू जाऊ द्यायचं नाही, हा कुठला प्रकार? मी म्हटलं, कॅप्टन, एक काय ते ठरव. तू म्हणालास, तू निवेदक आहेस, तू काढ मार्ग. असं करत करत दोन वर्षं गेली. आणि तू सगळा गुंता माझ्या गळ्यात टाकून गेलास.

सुजाताचं तुला माहीत नाही. तुझी लेक तुझ्यासारखीच तोंड मिटून राहणारी. तू गेल्यावर ती एक दिवस झेंडूच्या बांधावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, काका, एक सांगू, आईपाशी बोलू नका. फ्लाइंग स्कूलमध्ये तिची एकटीनं विमान उडवायची वेळ जवळ आली होती. तू जायच्या थोडं आधी, शिक्षक शेजारी असताना, ती उतरायला आली ती जास्त उंचावरून, जास्त वेगात, त्यात बाजूचा वारा. काहीच बसलेलं नव्हतं आणि ते तिला कळत होतं. शिक्षक वाट बघत राहिले की ही आता म्हणेल, वर जाऊ. ती म्हणाली नाही. तशीच दामटत राहिली. शेवटी त्यांना तिच्या हातातून विमान काढून घ्यावं लागलं.

मी विचारलं, का गं नाही फिरलीस?

"बाबा असते तर फिरले असते का, काका?" ती म्हणाली. "शाळेत असल्यापासून तो व्हिडिओ बघतेय मी. तुमच्या आवाजासकट पाठ आहे मला."

घाटात बैल बिथरला तर गाडा उलटतो, माणूस उठून धूळ झटकतो. इथं तसं नाही. कार्यक्रम झाला की ती परत जाणार होती आणि काही दिवसांत एकटी वर जाणार होती, शेजारी हातातून विमान काढून घेणारा कुणी नसताना. मी तिथंच बांधावर तिला नागपूरचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, काका, तुम्ही फार छान सांगता. बाबांचं विमान लांबलं आणि कुणा नवख्या पोरानं त्यांना थांबवलं? माझं मन राखायला रचताय तुम्ही.

बघ पक्या, दोन्ही इंजिनं बंद पाडायची शिक्षा. मी शपथ घालायला गेलो तर ती अजूनच हसली. म्हणजे तिला पटवायचं तर एकच वाट उरली होती. त्या विमानात बसलेली माणसं समोर ठेवून, त्यांच्या तोंडावर सांगायचं. आणि त्या माणसांत सगळ्यात पुढं मावशी. लेकीला खरं द्यायचं तर आईची फेरी काढून घ्यायची, असा तो हिशेब. तू असतास तर मी तुझ्यावर ढकललं असतं.

रविवारी विहारासमोर मांडव होता. त्रिशरण, पंचशील झालं. भन्तेजी बोलले. मागे तुझा मोठा फ्लेक्स, वादळाला नमवणारा आपला कॅप्टन. चार-पाच जण बोलले आणि प्रत्येकानं तोच व्हिडिओ सांगितला, एकानं तर त्यात वीजसुद्धा पाडली. ती माझीसुद्धा नव्हती. मावशी पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत, तिच्याशेजारी सुजाता. माझं नाव पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेऊन मी पाणी मागितलं.

मी विचारलं, नागपूरच्या विमानात कोण कोण होतं, हात वर करा. हात वर झाले. मावशीनंही केला, सगळ्यात उंच. मग मी अडकित्त्याचं, कोटवाल्याचं सांगितलं, आणि मांडव हसला. हे पहिलं हसणं. मग मी म्हटलं, आता पुढचं पक्यानं मला लोणीत सांगितलं, ते तसंच सांगतो. यमक नाही, भिर्र नाही. आणि सांगितलं. आईसाठी विमान अलगद धरलं ते. पट्टी संपत चालली ते. त्या पोराचा शब्द आला आणि तू एक अक्षर न बोलता वर गेलास ते. दुसऱ्यांदा मुद्दाम दणकून उतरवलंस ते.

सुजाता माझ्याकडं बघत नव्हती, ती त्या हात वर केलेल्या माणसांकडं बघत होती. तेव्हा मागून आपला बबन सुतार उभा राहिला. ज्याच्यानं जन्मात माईकसमोर बोलणं झालं नाही असा माणूस. म्हणाला, "मी खिडकीला व्हतो. खाली पट्टी नुसती पळत व्हती, पळत व्हती, आन् चाक टेकंनाच. मला वाटलं असंच असतंय." एवढं बोलून तो खाली बसला. सुजातानं मान खाली घातली. तिला पटलं होतं, हे मला कळलं. पण मावशीकडं बघायचा धीर मला होईना.

मावशीनं हात पुढं केला. म्हणाली, आण तो भोंगा हिकडं. मी खाली उतरून माईक तिच्या तोंडाशी धरला.

"म्हंजी मला दणका बसू न्हाई म्हणून पक्या लांबवीत व्हता."

मी म्हटलं, व्हय मावशी.

"आन् म्हणून वर जावं लागलं."

व्हय मावशी.

"मग मी येगळं काय सांगत व्हते इतकी वर्सं? फेरी माझ्याच पायी मारली न्हवं?"

पक्या, सगळा मांडव हसला. भन्तेजी हसले. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि रडत होत्या. पुण्याहून आलेला तुझा तो उंच मित्र खुर्चीवर मागं रेलून डोळे पुसत होता. मलाही वाटलं, सुटलो. तू काढायला सांगितलेला मार्ग मला सापडला नव्हता, तो तिनं बसल्या जागी काढला. मी माईक मागं घ्यायला लागलो, तर तिनं सोडला नाही.

ती सुजाताकडं वळली. तिचा हात धरला. हसू तिच्या तोंडावर अजून होतं, पण आवाज उतरला होता.

"मी त्याला लई बोलले गं, आदळलं म्हणून. तो काय बी बोलला न्हाई. तू माझ्यासाठी मऊ उतरवू नको, बाय. न्हाई जमलं तर फेरी मार, लागंल तितक्या मार. आन् आदळ खुशाल. पर ये."